पाच जण, लेव्हल तीन आणि हळदीचं पेव: ही मारामारी जमेल का?

खणभागचा_फासा

मंडळी, सांगलीत आमचा पाच खेळाडूंचा डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट खेळायचा खेळ) गट आहे, मी डीएम, म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवणारा. रविवारी दुपारी जमतो, तीन तास मिळाले म्हणजे डोक्यावरून पाणी. पाचवी आवृत्ती, २०१४ची पुस्तकं. सगळे लेव्हल तीन: फायटर, रेंजर, रोग (म्हणजे चोरटा, आजार नव्हे), विझार्ड (जादूगार), क्लेरिक (जखमा भरणारा पुजारी).

कथा अशी की नदीकाठच्या गावात दरोडेखोरांनी हळदीच्या जुन्या पेवांत (जमिनीखालच्या कोठारांत) लुटीचा माल दडवलाय. कुठून उचललंय ते हरिपूर बघितलेल्यांना सांगायला नको. शेवटच्या पेवाच्या तळाला एक ओगर (दांडगा राक्षस) बसवायचा विचार आहे. पुस्तकाच्या तक्त्यानं लेव्हल तीनच्या पाच जणांना सोपी मारामारी ३७५ एक्सपीला (मॉन्स्टर मारल्याचे गुण) सुरू होते, मध्यम ७५०ला, अवघड ११२५ला, प्राणघातक २०००ला. ओगरचे ४५०, म्हणजे 'सोपी'. दोन ओगर घेतले तर ९०० गुणिले दीड (मॉन्स्टर वाढले की पुस्तक बेरजेला गुणक लावतं), १३५०, एकदम 'अवघड'. मधलं काही सुचवा. शेवटची मारामारी आहे, दोन राउंडांत (सगळ्यांची एकेक टर्न, म्हणजे पाळी, झाली की एक राउंड) उरकायला नको. आणि कुणाचं कॅरेक्टर फुकट गेलं तर पुढच्या रविवारी भडंग आणणाराच यायचा नाही.

यवतेश्वर

साताऱ्याहून रामराम. एकटा ओगर नको, एवढं आधी सांगतो.

ओगरचा एसी (वार लागायला फासा अधिक बोनस एवढा व्हावा लागतो) ११, एचपी (जीव) ५९. तुझ्या मंडळींचा हल्ल्याचा बोनस +५ धरला तर डी२०वर (वीस बाजूंच्या फाशावर) ६ पडले की लागलं, म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर वेळा. फटक्याला ८ धर. पाच जण मिळून राउंडला ३०. दुसरा राउंड संपता संपता ओगर आडवा. तोवर त्याला मिळाल्या दोन टर्न. एसी १६च्या फायटरला मारायला त्याला १० पाहिजेत, म्हणजे ५५ टक्के, आणि लागला तर सरासरी १३. दोन राउंडांचे मिळून चौदाएक एचपी. क्लेरिकनं नुसता ढेकर दिला तरी भरून निघतील.

पण त्याच ओगरला क्रिटिकल (डी२०वर २०) पडला तर ४डी८+४ (आठ बाजूंचे चार फासे अधिक ४), सरासरी २२. लेव्हल तीनचा विझार्ड जागेवर झोपतो. एकट्या मोठ्या मॉन्स्टरची ही गंमत आहे, नऊ वेळा कंटाळा आणि दहाव्या वेळी मयत. दोन ओगर घेतलेस तर तो दहावा फासा लवकर येणार, बाकी काही बदलत नाही.

आयर्विन

दरोडेखोरांची कथा आहे तर दरोडेखोरच घाल की लगा. साधा बँडिट (दरोडेखोर) सीआर (मॉन्स्टरच्या अवघडपणाचा आकडा) १/८, २५ एक्सपी. आठ घेतले तर २००, सात ते दहा मॉन्स्टरला गुणक अडीच, झाले ५००. कागदावर ओगरच्या आसपास. आता टर्न मोज. त्यांचा बोनस +३, एसी १६ला १३ लागतात, म्हणजे ४० टक्के. आठांतले तीनएक लागणार, प्रत्येकी साडेचार. पहिल्याच राउंडला चौदा एचपी! ओगरला जेवढं करायला दोन राउंड लागले तेवढं यांनी चहा गार व्हायच्या आत केलं.

मारामारीत एचपी किती यापेक्षा एका राउंडला कोणत्या बाजूला किती वेळा काही करायला मिळतं हे आधी बघायचं. पाच जणांपुढं एक मॉन्स्टर म्हणजे पाचास एक. म्हणून तर मोठ्या ड्रॅगनला दुसऱ्यांच्या टर्नच्या शेवटी वापरायला लेजंडरी अ‍ॅक्शन दिल्यात.

मिरजेची_तार

@आयर्विन, अर्धंच सांगितलंस. आठही जण पेवाच्या तळाला दाटीवाटीनं उभे, आणि विझार्डकडे दुसऱ्या लेव्हलचं शॅटर हे स्पेल (मंत्र). दहा फूट त्रिज्या, ३डी८, सरासरी साडेतेरा. बँडिटचे एचपी ११. सेव्ह (बचावाचा फासा) चुकला की गेला. एका स्पेलमध्ये निम्मी टोळी साफ आणि विझार्डवाला पुढचे सहा महिने तेच सांगत फिरणार. नुसते किरकोळही नकोत नि नुसता दांडगाही नको. एक सरदार, हाताखाली चार-सहा जण, आणि ते पांगलेले.

आणखी एक. सीआरचा आकडा डोळे झाकून घेऊ नका. शॅडो नावाचं भूत आहे, सीआर १/२, १०० एक्सपी. चार घेतले तर ४०० गुणिले २, म्हणजे ८००, तुझ्या गटाला 'मध्यम'. पण त्याचा प्रत्येक फटका ताकदीतून १डी४ काढून नेतो, आणि ताकद शून्य झाली की कॅरेक्टर मेलं, एचपी कितीही असोत. विझार्डची ताकद बहुधा ८च असते. चार फटक्यांत खेळ खलास, डेथ सेव्हची (मरता मरता वाचायच्या फाशाची) भानगडच नाही. वर साध्या तलवारीनं त्याला निम्मंच लागतं. तक्त्याला यातलं काही दिसत नाही. मॉन्स्टर निवडला की त्याचं पान पूर्ण वाचायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: हा एचपी सोडून आणखी काय नेतो?

खणभागचा_फासा

पटलं. सरदार म्हणून बँडिट कॅप्टन घेतो, सीआर २, एचपी ६५, टर्नला तीन वार. सोबत सहा बँडिट. ४५० अधिक १५०, ६००. सात मॉन्स्टर, गुणक अडीच, १५००. 'अवघड'च्या बरोबर मध्ये. आता तर ठीक?

विश्रामबाग_शेवटचा_स्टॉप

तीच टोळी २०२४च्या पुस्तकानं मोजून बघा. त्यात गुणक काढून टाकलाय, आणि तीनच पायऱ्या ठेवल्यात. लेव्हल तीनच्या पाच जणांना खालची ७५०, मधली ११२५, वरची २०००. तुझे ६०० खालच्या पायरीलाही पोचत नाहीत. एका पुस्तकात 'अवघड', दुसऱ्यात खिजगणतीत नाही.

म्हणून आम्ही पाथफाइंडर या अशाच वेगळ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीकडं गेलो. तिथं चौघांना मध्यम मारामारी ८०, कठीण १२०, अतिकठीण १६०. पाचवा आला तर मध्यमला २० वाढवा, कठीणला ३०. गटाच्या लेव्हलचाच मॉन्स्टर ४०चा, दोन लेव्हल वरचा ८०चा. बसून दोन मिनिटांत हिशेब होतो आणि टेबलावर तसाच उतरतो.

आयर्विन

आला. पाथफाइंडरवाला आला. धागा कशाचाही असो.

कृष्णाकाठची

भांडू नका रे, दोघांचंही कारण एकच आहे.

२०१४चा तक्ता एका मारामारीचा नाहीच मुळी, तो अख्ख्या दिवसाचा आहे. त्याच पुस्तकात पुढं लिहिलंय की गट दिवसभरात सहा ते आठ मध्यम किंवा अवघड मारामाऱ्या झेलू शकतो, मध्ये दोनेक शॉर्ट रेस्ट (छोट्या विश्रांती). लेव्हल तीनला दिवसाचा कोटा माणशी १२०० एक्सपी, तुझ्या पाच जणांचा ६०००. 'प्राणघातक' म्हणून २०००ची पाटी लावली ती दिवसाचा एक तृतीयांश. आता सांग, रविवारच्या तीन तासांत कोण सहा मारामाऱ्या करतं? आपण सगळे एक करतो, फार तर दोन. लोक आदल्या रात्री झोपून, ताजेतवाने, सगळे स्पेल स्लॉट (एका दिवसात किती स्पेल टाकता येतात तो साठा) भरून येतात. लेव्हल तीनच्या विझार्डकडे सहा स्लॉट, क्लेरिककडे सहा. मारामारी चालते चार राउंड. म्हणजे प्रत्येक टर्नला सगळ्यात भारी तेच टाकायचं, जपून ठेवायचं कारणच नाही. मग 'अवघड'सुद्धा लुटुपुटूची वाटते आणि डीएम सीआरला शिव्या देतो.

यात रोगचं सगळ्यात वाईट होतं. त्याचा स्नीक अटॅक (डाव साधून केलेला जादा वार) कधी संपत नाही, दिवसाच्या पाचव्या मारामारीत त्याला भाव येतो. पाचवी मारामारी झालीच नाही तर तो बिचारा विझार्डच्या मागं पिशवी धरून उभा. म्हणजे दिवस आखूड झाला की खेळाडूंचा आपसातला तोलही जातो, नुसता मॉन्स्टरशी नाही. पाथफाइंडरमध्ये प्रत्येक मारामारीला गट बहुतेक धडधाकट येतो असं धरूनच आकडे बसवलेत, म्हणून ते टेबलावर उतरतात. तिथंही स्लॉट संपतातच, पण जखमांचा हिशेब दिवसभर ओढावा लागत नाही.

तर @खणभागचा_फासा, तुझ्यापुढं दोन वाटा. एक, दिवसात ही एकच मारामारी असं ठरव आणि बेधडक 'प्राणघातक'च्या आसपास जा. दुसरी मला जास्त आवडते: रविवार संपला म्हणजे खेळातली रात्र झाली असं नाही. आजची चकमक झाली, पाटी तशीच ठेवायची, एचपी आणि स्लॉट लिहून ठेवायचे, पुढच्या रविवारी तिथूनच सुरू. आणि झोपायला वेळ मिळू नये म्हणून कारण हवं. तुझ्याकडं तर नदी आहे! कृष्णेला पाणी चढतंय, उजाडायच्या आत पेवांत शिरणार. आता घेतील का लाँग रेस्ट?

हरिपूरकर

बरेच दिवस नुसता वाचत होतो, पेव दिसलं म्हणून लिहितो. तुमचा खेळ मला कळत नाही, मुलगा खेळतो. पण पेव कळतं.

पेवाचं तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं. आत पोट मोठं. हळद भरली की तोंड बंद करून वर माती लिंपायची, वर्षानुवर्षं माल टिकायचा. का टिकतो? आत हवा खेळत नाही, किडीला जगता येत नाही. आणि किडीला जगता येत नाही तिथं माणसालाही नाही. उघडल्या उघडल्या कुणी उतरत नसे. तोंड उघडं ठेवायचं, वाट बघायची, कंदील खाली सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. त्यामुळं तुमचे दरोडेखोर आत दबा धरून बसलेत हे काही पटत नाही बघा. पुराचं पाणी पेवांत शिरतं, ते मात्र ताईंनी बरोबर लिहिलंय, २००५च्या पुरात बरीच पेवं तशीच गेली.

खणभागचा_फासा

काका, हे तर सोन्यासारखं निघालं! म्हणजे काही पेवं उघडी, त्यांत दरोडेखोरांचा वावर. आणि एक लिंपलेलं, त्यात माल. ते उघडून जो घाईनं उतरेल त्याला हवाच मारेल. नियमात श्वास रोखायचं दिलंय ना काहीतरी?

मिरजेची_तार

दिलंय, पण मारामारीत त्याचा उपयोग शून्य. १ अधिक कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) मॉडिफायर एवढी मिनिटं श्वास रोखता येतो. राउंड सहा सेकंदांचा. पाच राउंडांची मारामारी म्हणजे अर्धं मिनिट. गुदमरायच्या आत सगळं संपून लोक वर येऊन बसलेले असतील.

त्यापेक्षा असं कर. त्या पेवात टर्नच्या सुरुवातीला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, डीसी १२ (बारा किंवा जास्त व्हायला हवेत). चुकला तर पुढच्या टर्नपर्यंत पॉइझन्ड, म्हणजे हल्ल्याला दोन फासे टाकून कमीचा धरायचा, ज्याला म्हणतात डिसअ‍ॅडव्हांटेज. मशाल पहिल्याच राउंडला विझते. आणि श्वास रोखलाय म्हणणाऱ्याला तोंडानं म्हणायचे स्पेल टाकता येणार नाहीत. हा शेवटचा माझा घरचा नियम आहे, पण आजवर कुणी कुरकुर केली नाही. कंदील सोडून बघणाऱ्याला मात्र सगळं आधी कळलं पाहिजे. गावातली एखादी म्हातारी काकांनी सांगितलं तेच सांगू दे. धोका आधी दाखवला की तो कितीही वाईट असला तरी चालतो.

यवतेश्वर

आता पेवाच्या तोंडाबद्दल, कारण तुझा सगळा हिशेब तिथं अडकणार.

१५०० एक्सपी हा आकडा मोकळ्या माळावरचा आहे. पाच एका बाजूला, सात दुसऱ्या. पेवात उतरताना एका वेळी एक. खोली वीस फूट धर. चढा-उतरायला प्रत्येक फुटाला दोन फूट चाल खर्च होते, म्हणजे तीस फूट चालीचा माणूस टर्नला पंधराच फूट उतरतो. डॅश केला (हल्ल्याऐवजी दुप्पट चाल घेतली) तर त्याच टर्नला तळाशी पोचतो, पण मग हल्ला नाही. उडी मारली तर २डी६ लागतं, वर तोंडघशी. फायटर पहिला उतरणार हे नक्की. तो तळाला पोचतो तेव्हा सरदाराचे तीन वार आणि चौघा-सहांचे एकेक, सगळे त्याच्यावर. पुढचा माणूस यायला एक राउंड. इथं पाचास सात नाही, एकास सात आहेत. हाच कागदावरचा 'अवघड' तुझा फायटर खातो.

उलट बाजू. तुझे खेळाडू सांगलीचे आहेत, खुळे नाहीत. कुणीतरी म्हणणार, आपण कशाला उतरा? वर मिरच्या जाळा, धूर आत सोडा. मग दरोडेखोर खोकत एकेक करून वर येणार आणि हे पाच जण तोंडाशी तलवारी उपसून. तीच जागा, तीच टोळी, आणि आता मुलांचा खेळ.

आयर्विन

मिरच्यांचं १०० टक्के होणार. मग डीएमनं काय करायचं?

कृष्णाकाठची

काही नाही करायचं. जिंकू द्यायचं! त्यांनी डोकं लढवून मारामारी सोपी केली, ती परत अवघड करायला मागून चार बँडिट आणलेस तर पुढच्या वेळी कुणी डोकं लढवणार नाही, सगळे थेट डी२० उचलतील. फक्त धुराची किंमत असू दे. धूर दिसला की गावात कळतं, नदीकडचे दोघे पळून जाऊन होडी सोडतात, असं काहीतरी.

आणि दरोडेखोर मरेपर्यंत कशासाठी लढतील हो? पगार किती त्यांना? १९८१च्या जुन्या बेसिक नियमांत मोराल (मॉन्स्टरचा धीर) होतं, ते सरळ उचल. प्रत्येक मॉन्स्टरला २ ते १२मधला एक आकडा. पहिला गडी पडला की २डी६ टाकायचे, निम्मे पडले की परत. आकड्याच्या वर गेलं तर पळतात किंवा हात वर करतात. मारामारी आपोआप आटपते, आणि शेवटच्या दोन बँडिटांना टिपत बसायची अर्धा तास रटाळ झटापट वाचते. पाचव्या आवृत्तीच्या गाभ्यात हे का नाही कोण जाणे.

नवीन_फासेवाला

मध्येच विचारतो, माफ करा. कराडहून आहे, गट अजून जमवतोय. हे ओगर, बँडिटचे आकडे बघायला महागडी पुस्तकं घ्यावीच लागतात का?

मिरजेची_तार

नाही. खेळाच्या मूळ नियमांचा एसआरडी ५.१ नावाचा दस्तऐवज २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर आहे, फुकट उतरवून घे. ओगर, बँडिट, कॅप्टन, शॅडो, मगर, सगळे त्यात आहेत. पहिल्या खेळाला तेवढं पुष्कळ झालं.

खणभागचा_फासा

मगर! ही राहिलीच होती. सांगलीत कृष्णाकाठावर कथा आणि मगर नाही असं कसं होईल? सीआर १/२, एचपी १९, १०० एक्सपी. चावली की पकडून ठेवते, सुटायला डीसी १२. दोन घालतो.

नवी मांडणी: दोन बँडिट वर पहाऱ्याला, चार आणि सरदार उघड्या पेवात. निम्मे पडले की सरदार भुयारानं घाटाकडं पळतो, तिथं होडी आणि दोन मगरी. बेरीज ८००, नऊ मॉन्स्टर, गुणक अडीच, बरोबर २०००. 'प्राणघातक'चा उंबरठा.

डी अँड डीवर लिहिणाऱ्या माइक शेचा झटपट आडाखाही लावून बघितला: सगळ्या मॉन्स्टरांच्या सीआरची बेरीज गटाच्या एकूण लेव्हलच्या पाव हिश्शाच्या वर गेली तर सावध व्हायचं, लेव्हल पाचपासून पुढं निम्म्याच्या वर. आमच्या लेव्हल पंधरा, पाव हिस्सा ३.७५. सरदार २, सहा बँडिट ०.७५, मगरी १. बेरीज ३.७५. दोन्ही सूत्रं एकाच उंबरठ्यावर!

हरिपूरकर

पेवाला भुयार नसतं.

खणभागचा_फासा

काका, दरोडेखोरांनी खणलंय.

यवतेश्वर

२००० हा आकडा नऊही जण एकदम अंगावर आले तरचा. तुझे तीन तुकड्यांत येतायत, त्यामुळं प्रत्यक्षात हलकं जाईल. भिऊ नकोस. मगरी जमिनीवर वीस फूटच चालतात, पाण्यात तीस. काठावर उभा राहणारा फसला, मागं सरणारा वाचला. आणि मगर म्हटल्यावर पाण्यात पाय घालायचा की नाही हे सांगलीकराला डीएमनं सांगावं लागत नाही.

एक विनंती. फासे उघड्यावर टाक. पडद्याआड टाकून 'नाही रे, चुकला' म्हणणारे डीएम असतात, खेळाडूंना ते कळतं. एकदा कळलं की नंतरच्या प्रत्येक सुटकेची मजा जाते.

आयर्विन

फासे उघड्यावर, मान्य. पण एचपी माझ्या हातात. कॅप्टनचे ६५ ही सरासरी आहे, खरे १०डी८+२०, म्हणजे ३०पासून १००पर्यंत काहीही नियमातच बसतं. मारामारी रेंगाळली तर ५०ला पडला, फार लवकर उरकतेय तर ८०. यात फसवणूक कुठं आली?

यवतेश्वर

मारामारीआधी ठरवलंस तर कुठंच नाही. मध्यात बदललंस तर तिथंच.

आयर्विन

यावर आपलं जमणार नाही. सोड.

खणभागचा_फासा

नवीनच घोळ. क्लेरिकवाल्याच्या मावसबहिणीची सुपारी निघाली, रविवारी तो नाही. पुढं ढकलायचं म्हटलं तर बाकीचे ऐकत नाहीत. चार जणांवर काय काढू?

कृष्णाकाठची

चौघांचा 'अवघड' ९००ला, 'प्राणघातक' १६००ला. दोन बँडिट आणि एक मगर काढ. सरदार ४५०, चार बँडिट १००, मगर १००, बेरीज ६५०. सहा मॉन्स्टरला गुणक २, १३००. सीआरची बेरीज ३, लेव्हल बारांचा पाव हिस्साही ३. आकड्यांत बसलं.

पण गेलाय तो क्लेरिक आहे, नुसता पाचवा गडी नाही. आता पडलेल्याला उठवायला रेंजरचा एखादा क्युअर वून्ड्स सोडला तर कुणी नाही. तेव्हा कंदिलाची गोष्ट सांगणारी म्हातारी दोन हीलिंग पोशनही देऊ दे, २डी४+२वाली. आणि सरदाराचे तीन वार एकाच माणसावर टाकू नकोस, निदान पहिल्या राउंडला.

मिरजेची_तार

कॅप्टनला पॅरीही आहे हे विसरू नकोस, जवळून आलेल्या एका वारापुरता राउंडला एकदा एसी दोननं वाढतो. डीएम हमखास विसरतात. आणि चार बँडिटांचा इनिशिएटिव्ह (टर्नचा क्रम ठरवणारा फासा) एकत्रच टाक, डॅमेज सरासरी चार धर, नाहीतर तीन तासांतला एक तास नुसत्या बेरजांत जाईल.

खणभागचा_फासा

पॅरी पानाच्या वर लाल पेनानं लिहिली. पोशनं दोनच्या जागी तीन ठेवतो, आमच्या रोगला चोरायला एक लागतंच.